चूलबंद फर्माईश

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा डायरी. मागची का सोडली ते आठवत नाही, पण ही सोडणार नाही. आज इतिहास घडला आहे आणि तो लिहून ठेवील असा माझ्याशिवाय दुसरा कोणी मंगरूळपीरात दिसत नाही.

रेडिओ अडाणची मालकी बदलली. स्टेशन म्हणजे बसस्टँडमागे बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली आणि गच्ची. इतकी वर्षं ते नानासाहेबांची शिक्षणसंस्था चालवायची. नाना थकले, त्यांनी राजीनामा दिला आणि संस्थेच्या मंडळावर नागपूरची माणसं आली. त्यांची विदर्भात अशी चार-पाच स्टेशनं आहेत. निरोपाच्या भाषणात नानांनी माझा दोनदा उल्लेख केला. त्यातल्या एकदा ते मला धीरजऐवजी सूरज म्हणाले, पण भावना पोचल्या.

तनुजाचे डोळे भरून आले. ती आमच्याकडे फोन घेते, चिठ्ठ्या लिहून देते आणि बटणं सांभाळते. मी स्थिर होतो. बदलाला सामोरं जाण्याची तयारी कलावंतात उपजत असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नव्या प्रमुख रीता मॅडम आज नागपूरहून आल्या. खोली बघून म्हणाल्या, "छोटंसं आहे, पण छान आहे." मग आम्हाला समोर बसवून फॉरमॅट समजावला. बोलणं कमी, गाणी जास्त. आणि 'सांगावा' बंद.

मी टाळी वाजवायचाच बाकी होतो.

'सांगावा' रोज संध्याकाळी सातला लागायचा. कोणाची शेळी हरवली, कोणाला तुरीसाठी मजूर पाहिजेत, कोणाची तेरवी कधी, हे सगळं मी वाचायचो. मुख्य म्हणजे जेवणाची आवतनं. इकडे रेडिओवर नाव घेतलं की आवतन पोचलं असं धरतात. सगळ्या गावानं ते ऐकलेलं असतं, त्यामुळे 'मले कोणी सांगतलंच नाई' म्हणायची सोय उरत नाही. मोबाईलवर पत्रिका आली तर बायका नाक मुरडतात, कारण ती सगळ्यांना एकच जाते. रेडिओवर नुसतं नाव घेतलं तर घरटी एक माणूस जातो. नावापुढे 'चूलबंद' म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, लहानथोर सगळे जेवायला निघतात.

मी मराठी साहित्यात एम.ए. आहे. माझ्या आवाजात खर्ज आहे असं अमरावतीच्या एका परीक्षकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. हा खर्ज मी शेळ्यांच्या कानांचे रंग सांगण्यात खर्ची घालत होतो. सुटलो एकदाचा.

सातला आता 'दिल की फर्माईश'. निवेदकानं तीनच गोष्टी सांगायच्या: गाणं कोणाकडून, कोणासाठी, आणि एका ओळीची शुभेच्छा. की लगेच गाणं.

जाता जाता मॅडमनी खरी गोष्ट सांगितली. वर्षअखेरपर्यंत फोन वाढले नाहीत तर इथला स्टुडिओ बंद, सगळं नागपूरहून लागेल, तेही यंत्राच्या आवाजात. म्हणजे मी आणि तनुजा घरी. मी हसून मान हलवली, पण चप्पल वरच विसरून जिना उतरलो हे इथे नोंदवतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच तुळसाबाई आल्या. त्या आणि त्यांचे यजमान नथ्थूभाऊ गावाला लागून भाजीपाला पिकवतात, बाजारात बसतात. हातात मेथीची जुडी होती, पण ती मला देण्यासाठी नव्हती.

"सांगावा काहून बंद केला?"

"काकू, काळ बदलला. लोकांना आता संगीत हवं आहे."

"कोन्या लोकायले? माया पोरीचं लगन हाय तीस तारखेले. तुमच्या तोंडून नाव नाई आलं त कोण येईन मांडवात?"

मी त्यांना फॉरमॅट समजावून सांगितला. किडकी वांगी बाजूला काढताना त्या जशा बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी तनुजा त्यांना खाली चहाला घेऊन गेली. दोघी बराच वेळ वर आल्या नाहीत. तनुजा परतली ती हसत होती.

"काय म्हणत होत्या?"

"काई नाई. फर्माईश कशी करतात ते विचारत व्हत्या."

बघा. समजावून सांगितलं की माणसं ऐकतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

'दिल की फर्माईश'चा पहिला दिवस. एकच फोन आला. त्या गृहस्थाला गॅसची टाकी हवी होती. मी माझ्याच आईच्या नावानं एक गाणं लावलं. घरी गेल्यावर आई म्हणाली की ती तेव्हा देवळात होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चमत्कार! आज तनुजाला फोन खाली ठेवायला फुरसत मिळाली नाही. चिठ्ठ्यांचा ढीग झाला. पहिलीच तुळसाबाईंची. मी ती अशी वाचली:

"तुळसाबाई आणि नथ्थूभाऊ यांच्याकडून, वनोज्याच्या रामीबाई आणि त्यांच्या घरातली सगळी मंडळी यांच्यासाठी, बिदाईचं गाणं. तीस तारखेला दुपारी बारा वाजता सगळ्यांनी मिळून ऐकावं ही इच्छा."

गाणं चालू असताना मी तनुजाला विचारलं, "आपण तर आज लावलं. तीस तारखेला ते कसं ऐकणार?"

"मनात ऐकतीन," ती म्हणाली.

केवढी कविता आहे या दोन शब्दांत! हीच माणसं परवापर्यंत माझ्याकडून शेळ्या शोधून घेत होती. त्यांच्यात ही हळवी जागा होतीच, कोणी हात लावला नव्हता. मी लावला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

श्रोत्यांबद्दल काही निरीक्षणं.

बिदाईच्या गाण्याला सर्वांत जास्त मागणी. खालोखाल भजनं, आणि भजन मागणारे फोनवर फार गंभीर असतात. पाळणे मागणारे आनंदात असतात. प्रत्येकजण वार आणि वेळ सांगतो. गाणं कोणतंही लावलं तरी चालतं, पण एखादं नाव गाळलं तर लगेच फोन येतो. काल शेलूबाजारच्या एका बाईंनी तनुजाला झापलं म्हणे, की जावेचं नाव आधी आणि आपलं नंतर का घेतलं.

'घरातली सगळी मंडळी' असं आवर्जून सांगणारे वाढले आहेत. मोबाईलनं घरं फोडली, माझा कार्यक्रम ती जोडतो आहे. यावर एक लेख लिहीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज तांड्यावरच्या सेवालालची फर्माईश होती, एका विरहगीताची. चिठ्ठी अशी:

"तिच्यासाठी. सावळी, कपाळावर पांढरी चांदणी. मंगळवारपासून दिसली नाही. दिसली तर तांड्यावर कळवावं."

तिचं नाव विचारलं तर तनुजा म्हणाली, नाव ठेवलेलं नाही. अनामिक प्रेम! नियम मोडून मी माझी चार वाक्यं घातली. म्हटलं, "सेवालालभाऊ, गेलेलं माणूस परत येतं, आपण दार उघडं ठेवायचं." काचेपलीकडे तनुजानं टेबलावर डोकं ठेवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मुलगी वरवर टारगट वाटते, आतून भावुक आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ती परत आली! सेवालालनं स्वतः फोन करून माझ्याशी बोलायचा आग्रह धरला.

"सायेब, तुमच्यानं भेटली. गोगरीच्या शिवारात हरभऱ्यात व्हती."

एकटीच शेतात. काय काय विचार करत बसली असेल.

"आता बांधूनच ठेवतो," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी त्याला शांतपणे समजावलं की बांधून ठेवणं हे प्रेम नव्हे, विश्वास टाकावा लागतो. तो म्हणाला, "तुमी एकदा घरी या सायेब. दूध पाजतो."

३० नोव्हेंबर, रविवार

तुळसाबाईंच्या मुलीच्या लग्नाला गेलो. एवढी गर्दी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वनोज्याच्या रामीबाई सगळं घरदार घेऊन आल्या होत्या. मी वाचलेली पुष्कळ नावं तिथे प्रत्यक्ष भेटली. योगायोग म्हणजे किती असावा!

मांडवात नथ्थूभाऊंनी मला टॉवेल-टोपी दिली. लोक हात जोडत होते, पंगतीत माझ्या पानावर आग्रह करकरून वाढत होते. एका म्हातारबांनी माझा हात धरून सांगितलं, "तुमच्यावर भरोसा ठेवून आलो बाप्पा, जेवण मस्त व्हतं." त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते कळलं नाही, पण कलेबद्दल बोलताना साध्या माणसांचे शब्द अपुरे पडतात.

८ डिसेंबर, सोमवार

रीता मॅडम आल्या. फोनचे आकडे बघून चकित झाल्या. माझी छाती फुगली, तेवढ्यात त्यांनी सांगितलं की या आठवडाभर फर्माईश यंत्राचा आवाज करील, नागपूरहून. चिठ्ठ्या तनुजानं रोज पाठवायच्या, मजकूर तोच, फक्त आवाज वेगळा. तुलना करायची आहे म्हणे.

सातला मी खाली बियाण्यांच्या दुकानात बसून ऐकलं. बाईचा आवाज आहे. स्वच्छ, गोड, दम लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही. 'वनोजा' मी म्हणतो त्यापेक्षा बरं म्हणाली. दुकानदार म्हणाला, "आवाज भारी हाय हं." मी लक्ष नसल्यासारखं केलं. घरी आल्यावर आरशासमोर 'वनोजा' बराच वेळ म्हणून पाहिलं. खरं लिहायचं तर आज भीती वाटते आहे. हे गेलं तर मला दुसरं काय येतं?

१३ डिसेंबर, शनिवार

आज जे घडलं त्यानं माझ्या जिवात जीव आला.

आठवडाभर मी स्टुडिओत नुसता बसून आहे. आज चारच्या सुमाराला नथ्थूभाऊ जिना चढून आले. हातात वांग्याच्या भाजीचं भलंमोठं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं. ते त्यांनी माझ्या टेबलावर आदळलं.

"घ्या! खा आता तुमीच!"

"नथ्थूभाऊ, काय झालं?"

"काय झालं? लेकीचं लगन पार पडलं म्हून आज रोडग्याचं जेवण ठेवलं. अख्ख्या गल्लीचं पीठ मळलं. चार माणसं नाई आले जेवाले! तुमी काहून नाई बोलले रेडिओत? तुमचा आवाज नाई त कोणाच्या नरड्याखाली घास उतरन?"

मी थक्क झालो. तनुजा मध्ये पडली, त्यांना गच्चीवर घेऊन गेली. ते तिथेही ओरडत होते. "ते बाई बोलली त कोण खरं मानन?" एवढं ऐकू आलं.

म्हणजे माझा आवाज आठवडाभर आला नाही तर लोकांची अन्नावरची वासनाच उडाली. घास उतरत नाही! मी लगेच रीता मॅडमना फोन करून हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "धीरज, तू ठीक आहेस ना?"

भाजी उत्तम होती. मी आणि तनुजानं दोन दिवसांची खाल्ली.

२० डिसेंबर, शनिवार

मॅडमचा फोन आला. यंत्राच्या आठवड्यातही फोन तेवढेच आले, एकही कमी नाही. मग दोन माणसं आणि खोली कशाला ठेवायची? एकतीस तारखेला इथून शेवटचं प्रसारण. त्या सौम्यपणे बोलल्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, "पण लोक जेवत नाहीत, मॅडम."

त्यांनी तब्येतीची काळजी घ्यायला सांगून फोन ठेवला.

तनुजाला सांगितलं. ती रडली नाही. खिडकीशी उभी राहून खाली दुकानामागच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. मग म्हणाली, "मायी एक फर्माईश वाचसान का बुधवारी? मोठी हाय." मी म्हटलं, आता काय, पाहिजे तेवढी मोठी लिही.

२४ डिसेंबर, बुधवार

तनुजाची फर्माईश वाचली. ती माझ्या नावानं होती. मी विचारलं, माझ्याकडून का? ती म्हणाली, "निरोपाची हाय. तुमच्याकडून असली तं शोभन."

"रेडिओ अडाणच्या धीरजकडून," अशी सुरुवात. पुढे नावं. मंगरूळपीर, वनोजा, गोगरी, शेलूबाजार, तांडा. वाचता वाचता लक्षात आलं की यातल्या प्रत्येकाचं नाव मी कधी ना कधी घेतलेलं आहे. शेवटी, "आणि नागपूरच्या रीताताई व त्यांच्या घरातली सगळी मंडळी यांच्यासाठी, शेतातलं गाणं. रविवारी दुपारी बारा वाजता, बियाण्यांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांनी मिळून ऐकावं ही इच्छा."

मोकळी जागा! केवढं सूचक. आम्ही गेल्यावर जी पोकळी उरणार आहे ती. माझा आवाज दोन ठिकाणी फुटला आणि मी तो फुटू दिला.

२८ डिसेंबर, रविवार

हात धुतले तरी धुराचा वास जात नाही. क्रमानं लिहितो.

साडेअकराला स्टुडिओत पोचलो तर मागच्या मोकळ्या जागेत माणसंच माणसं. बैलगाडी, ऑटो, मोटरसायकली. बायका, लेकरं, म्हातारे. मला हुंदका आला. शेवटचं दर्शन घ्यायला आले होते. सह्या मागतील म्हणून मी वर जाऊन चांगला पेन खिशाला लावला, केस नीट केले आणि सावकाश जिना उतरलो.

कोणी सही मागितली नाही. सगळे ओळी धरून जमिनीवर बसत होते. वनोज्याच्या रामीबाईंनी मला हाक मारली. "धीरजभाऊ, पत्रावळ्या कुठी हायेत?"

"कसल्या पत्रावळ्या?"

"घ्या! आवतन द्याचं अन् पत्रावळ्या नाई?"

"मी कुठे आवतन दिलं?"

आसपासची माणसं हसायला लागली. त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. रामीबाई मात्र गोंधळल्या. "बुधवारी तुमीच त बोलले. सगळी मंडळी. मी सकाळपासून चूल नाई पेटवली."

मी तनुजाला शोधलं. ती कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आगीपाशी होती. नथ्थूभाऊ निखाऱ्यातले रोडगे उलटे करत होते, सेवालाल गोवऱ्या आणून टाकत होता, तुळसाबाई वांग्याच्या भाजीत डाव फिरवत होत्या. तिथेच, धुरात उभ्या उभ्या, तनुजानं मला सांगितलं. बिदाई म्हणजे लग्न. भजन म्हणजे तेरवी. पाळणा म्हणजे बारसं. शेतातलं गाणं म्हणजे रोडग्यांचं जेवण, कारण ते शेतातच करतात. सगळी मंडळी म्हणजे चूलबंद. तुळसाबाईंनी भाजीबाजारात एकीला सांगितलं आणि आठवड्यात अख्ख्या तालुक्याला कळलं होतं. मला सोडून.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमच्या तोंडावर दिसलं असतं. मॅडमनं तिथीच पकडलं असतं."

मग मला आठवलं. "आणि सेवालालची ती? सावळी?"

"म्हैस," तनुजा म्हणाली.

सेवालालनं मान डोलावली. "बांधूनच ठेवली सायेब. तुमी नाई म्हणले व्हते, पण ठेवली."

मी पायरीवर बसलो. त्या म्हशीसाठी मी आकाशवाणीच्या तोडीची चार वाक्यं बोललो होतो. कोणाशी बोलू नये, सरळ घरी जावं असं वाटलं. तेवढ्यात तुळसाबाईंनी वरणाची बादली माझ्या हातात दिली.

"यजमान तुमी. वाढा."

मी वाढत होतो तेव्हाच रीता मॅडमची गाडी आली. त्या चिडलेल्या होत्या. रेडिओवर आपलं नाव घेतल्याचं त्यांना नागपुरात कळलं होतं आणि जाब विचारायला त्या रविवारी एवढ्या लांब आल्या होत्या. गर्दी बघून त्या गाडीच्या दारातच थांबल्या. तुळसाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना पंगतीत बसवलं, पान मांडलं, आणि 'घरची मंडळी काहून नाई आणली' म्हणून उलट त्यांनाच रागावल्या.

तनुजानं सगळं सांगितलं, मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मशीननेही हेच वाचलं होतं ना? शब्द न् शब्द सेम. मग तेव्हा लोक का नाही आले?"

"मशीनचं आवतन कोण धरन बाई?" तुळसाबाई म्हणाल्या. "याच्या तोंडून आवतन आलं त याले उद्या आमच्या घरी बलावता येते. हा येते, पाटावर बसते, दोन रोडगे जास्त खाते. काई चुकलं त याच्या दारात जाऊन भांडता येते. ते तुमची बाई कोणाच्या पंगतीत बसन? तिच्यावर रुसाचं कसं?"

मला जरा बरं वाटलं. मी बादली खाली ठेवून विचारलं, "म्हणजे काकू, माझ्या आवाजात ते..."

"आवाज?" तुळसाबाई म्हणाल्या. "आवाज त तिचाच तुमच्याहून बेस व्हता."

सगळी पंगत हसली. मॅडमही हसल्या. मला राग आला, आणि मग त्याच रागात मला रडू आलं. धूर होता म्हणून निभावलं. इतके दिवस यांना माझं बोलणं आवडतं असं धरून चाललो होतो. यांना माझं जेवणं आवडत होतं.

मॅडमनी दुसरा रोडगा मागून घेतला आणि काही न सांगता गेल्या.

३१ डिसेंबर, बुधवार

दिवसभर सामान आवरत होतो. पाचला मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "जाहिरातवाल्यांना मी काय विकते, धीरज? माणसं ऐकतात हे नाही, माणसं येतात हे. माझं मशीन आठवडाभरात चार माणसं जेवायला आणू शकलं नाही." स्टुडिओ राहणार. गाणी दिवसभर नागपूरहून, पण संध्याकाळचा एक तास आमचा, आणि त्यात आम्ही काय बोलतो ते त्या विचारणार नाहीत. 'सांगावा' परत, त्याच नावानं.

तनुजानं आनंदानं मला जोरात चापट मारली. पाठ अजून दुखते.

४ जानेवारी, रविवार

काल 'सांगावा' पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

इतके दिवस मी नावं वाचायचो तेव्हा माझं लक्ष खर्जाकडे असायचं. काल पहिल्यांदा प्रत्येक नावामागे एक घर दिसायला लागलं. हे येतील, यांची चूल बंद राहील, यांच्या पंगतीत मी जेवलो आहे. मी ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. नथ्थूभाऊंच्या भावकीतल्या एका बारशाचं आवतन होतं, आणि त्यात मी ललिताबाईंना गाळलं. ललिताबाई म्हणजे बाळाची सख्खी आत्या.

आज सकाळी तुळसाबाई दारात. "तिनं दार लावून घेतलं. म्हणते, आता बारशाले येतच नाई. आत्या नाई त नाव कोण ठेवन? चाला तुमी."

मी आणि तनुजा गेलो. दार बंद. मी हलकेच कडी वाजवली. म्हटलं, "ललिताबाई, चूक झाली. माफ करा." तनुजानं सांगून पाहिलं, मशीनमध्ये बिघाड होता म्हणून. आतून आवाज आला, "मशीन नव्हती. हाच व्हता. मी ओळखते याले."

आज रविवार, नव्या वेळापत्रकात 'सांगावा'ला सुट्टी; उद्या संध्याकाळी रेडिओवर नाव घेतो म्हटलं. "तोवर बारसं उरकलं असन," आतून आलं. तेही खरंच होतं. बारसं उद्या सकाळी आहे.

मग मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. माईक नाही, गाणं नाही, समोर एक बंद दार आणि नाल्याकाठी बसलेलं कुत्रं. घसा साफ केला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हटलं, "उद्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, बाळाच्या बारशासाठी, श्रीमती ललिताबाई आणि चूलबंद!"

शेजारची दारं आधी उघडली. समोरच्या माडीवरून कोणीतरी विचारलं, "आमाले बी हाय का?" तुळसाबाईंनी वर बघून हातानंच हो म्हटलं. मी दुसऱ्यांदा ओरडलो. तिसऱ्यांदा आवाज चिरकला, खर्ज बिर्ज काही उरलं नाही.

तेव्हा कडी निघाली. ललिताबाई उंबऱ्यात आल्या, डोक्यावरून पदर घेतला, आणि गल्लीत कोण कोण बाहेर आलं आहे ते दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "या आत. पाणी प्या."